न मागणारीची विहीर

ताओरिबा वहिनीची सकाळ जिभेपासून सुरू व्हायची. तोंडात दुसरं काही जायच्या आत ती विहिरीवर जायची, लांब काठीला बांधलेली करवंटी खाली सोडायची आणि पाण्याचा नुसता वरचा थर उचलायची. मग तो घोट तोंडात धरून डोळे मिटून उभी राहायची. मी माझ्या मचाणावरून बघत असायचो. ती घोट गिळेपर्यंत माझाही श्वास अडकलेला असायचा.

“काय म्हणतेय विहीर?” मी ओरडून विचारायचो.

“गोड आहे अजून. तुमच्या जिभेपेक्षा कधीही बरी, भाऊजी.”

मी उरियाम, तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षं परक्यांच्या जहाजांवर इंजिनं सांभाळली आणि गुडघे गेल्यावर ओनोतोआला, प्रशांत महासागरातल्या आमच्या बेटावर, परत आलो. भाऊ वारल्यापासून वहिनीचं घर आणि माझं घर एकाच आवारात आहे. आमच्याकडे दीर-भावजय एकमेकांची टिंगल करताना दिसले नाहीत, तर लोक विचारतात की काय बिनसलंय. त्यामुळे तिचं बोलणं मी कधी मनावर घेतलं नाही. पण त्या वर्षी थट्टा करतानाही आमचं दोघांचं लक्ष त्या करवंटीकडे असायचं.

अकरा महिने पाऊस नव्हता. बेटावर ना नदी, ना तळं. वाळू खणली की पुरुषभर खोलीवर पाणी लागतं, तेवढंच काय ते. हे पाणी पावसाचं, आणि ते वाळूच्या आत खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं अलगद उचललं तर गोड. लोभ केला, खोल हात घातला, की खालून समुद्र वर येतो. सहाव्या महिन्यात किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ झाल्या, नवव्या महिन्यात चर्चजवळच्या. चर्चची पत्र्याखालची टाकी तर केव्हाच कोरडी पडली होती. वहिनीची विहीर बेटाच्या मधोमध, बबईच्या, म्हणजे आमच्या मोठ्या अळूच्या, खड्ड्यांच्या मागे. तेवढी एकच गोड राहिली होती.

गावातल्या बायका सकाळी बादल्या घेऊन यायच्या. वहिनी कोणालाही बादली विहिरीत टाकू द्यायची नाही. स्वतः करवंटी करवंटी करून प्रत्येकीला एक बादली भरून द्यायची, मग तासभर विहिरीला स्वस्थ ठेवायची, मग पुढची. बायका रांगेत बसून कुरकुरायच्या.

“अगं, देवाने हात दिलेत आम्हाला. आम्ही भरतो की!”

“हात दिलेत, दम नाही दिला,” वहिनी म्हणायची. “बस गप. तुझ्या सासूची चुगली राहिली होती ना काल, ती पुरी कर.”

आणि बायका बसायच्या. तिच्या तोंडाला लागायची कोणाची हिंमत नव्हती.

तिला स्वतःला पाणी लागायचं ते नातीसाठी. वहिनीची मुलगी तेउरिया फळं तोडायच्या कामावर ऑस्ट्रेलियाला गेली होती. करार नऊ महिन्यांचा. चार महिन्यांची मोएआ तिने आजीच्या मांडीवर ठेवली आणि विमानात बसली, रडत रडत. आता मोएआ सात महिन्यांची होती आणि डब्यातल्या पावडरीच्या दुधावर वाढत होती. ते दूध कालवायचं विहिरीच्या पाण्यात. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वहिनीला बजावून ठेवलं होतं, “पाणी थोडं जरी खारं लागलं तरी बाळाला द्यायचं नाही. खारं दूध जितकं पाजाल तितकी ती सुकत जाईल.” हे ऐकल्यापासून वहिनी सकाळी एकदाऐवजी दिवसातून तीनदा चव घ्यायला लागली होती.

आता वहिनीचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे नात्यातला माणूस तुमच्या समोर येऊन बसला आणि ‘माझी बुबुस आहे’, म्हणजे मागणं आहे, असं म्हणाला, की तो जे मागेल ते द्यायचं. सायकल मागितली तर सायकल, अंगातला सदरा मागितला तर सदरा. नाही म्हणालात तर तुमच्या घराला कायमचा बट्टा. आणि एकदा दिलं की दिलं. परत घ्यायचं नाव काढायचं नाही. मात्र उद्या तुमची गरज असेल तर तुम्हीही त्याच्यासमोर जाऊन बसू शकता. असं देत-घेत इतकी वर्षं आम्ही या वाळूवर जगलोय, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. जहाजावरून आणलेले तीन रेडिओ गेले तेव्हा होती, पण ते असो.

वहिनीची गोष्ट निराळी होती. तिने आयुष्यभर फक्त दिलं. तिचं शिवणयंत्र गेलं, नवऱ्याची सायकल गेली, लग्नातली बारीक विणीची चटई गेली. मागायला मात्र ती कधी कोणासमोर बसली नाही. मी एकदा म्हणालो, “वहिनी, ते यंत्र तुझ्या चुलतबहिणीकडे गंजत पडलंय. जा, माग.” तर म्हणाली, “माझी मांडी तशी वळत नाही, भाऊजी.” गर्व होता तिला त्याचा. सगळं गाव तिला चांगली बाई म्हणायचं. मला विचाराल तर तो अर्धा चांगुलपणा होता आणि अर्धा ताठा.

आणि तिने मूलही दिलं होतं. मागायला आली होती माझी सख्खी बहीण तेबेते. तारावाला, राजधानीच्या बेटावर, राहायची, पोटी मूलबाळ नव्हतं. नाताळात आली, वहिनीसमोर बसली आणि तिचा मुलगा मागितला. अकरा महिन्यांचा होता. नुकता धरून उभा राहायला शिकला होता. नात्यात मूल देणं-घेणं आमच्याकडे काही जगावेगळं नाही, आणि दिलेल्या मुलाला आई-बाप भेटायला जातात, सुटीला बोलावतात, कधी मन फारच ओढ घेतं तेव्हा परत मागूनही आणतात. वहिनी कधी गेली नाही. “दिलंय,” म्हणायची. मी बोटीवर जाता-येता तारावाला त्याला बघायचो. तिला येऊन सांगायचो की उंच झालाय, शाळेत जातो, माझ्यासारखं नाक आहे. ती ऐकायची, आणि हातातलं काम चालू ठेवायची.

तोच मुलगा, बरानिको, त्या दुष्काळात बोटीने आला. छत्तीस वर्षांचा बाप्या, खांद्यावर तेलाचा डबा आणि हातगाडीवर पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप.

निमित्त गावाच्या नव्या मानेआबाचं. जुनी सभागृहाची झोपडी वादळात पडली होती, नवी बांधायला चार वर्षं गेली. उद्घाटनाची तारीख दोन वर्षांपूर्वीच ठरलेली. दोन बेटांवरून तीनशे पाहुणे येणार, तीन दिवस नाच आणि जेवणं. तारीख पुढे ढकला असं म्हणायची एकाही म्हाताऱ्याची छाती नव्हती. यजमान गावाने ‘आमच्याकडे पाणी नाही’ म्हणायचं म्हणजे काय! त्यापेक्षा मेलेलं बरं. बरानिकोला तारावात हे कळलं आणि त्याने पदरच्या पैशाने पंप आणला. गावावर त्याचा जीव होता. इथे तो फक्त अकरा महिने राहिला होता, तरी होता.

आवारात आल्या आल्या त्याने वहिनीला साबणाच्या वड्या दिल्या. तेबेते त्याची आई, म्हणून मी मामा आणि वहिनी मामी.

“मामी, बारीक झालीस.”

“तू नाही झालास,” वहिनी म्हणाली. “तारावाला पाणी नसलं तरी भात बरा मिळतो वाटतं.”

तो हसला. मग मोएआला उचलून त्याने डोक्यावर बसवलं. वहिनी तेवढा वेळ चुलीतली राख उकरत राहिली. चूल पेटलेलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानेआबात सभा भरली. ज्या त्या घराण्याने आपापल्या ठरलेल्या जागी बसायचं. वहिनी आमच्या खांबाशी, बायकांत, मोएआला मांडीवर घेऊन. म्हातारे बोलले. डुकरं आहेत, बबई आहे, तांदूळ आला. पाण्याचं काय? सगळे छपराकडे बघायला लागले. तेव्हा बरानिको उठला, मधली मोकळी जागा ओलांडून आला आणि वहिनीसमोर मांडी घालून बसला.

तसं बसण्याचा अर्थ एकच होता.

“मामी, माझी बुबुस आहे,” तो म्हणाला. “तुझी विहीर. तीन दिवस.”

मोएआ तिच्या बोटाशी खेळत होती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. कोणी तिला मीठ मागितलं असतं तरी तिचा आवाज याहून वेगळा निघाला नसता.

“घे,” ती म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण न वाजवणारा मी एकटाच राहिलो असतो.

घरी येताना मात्र माझा तोल गेला. “वहिनी, डोकं फिरलंय का तुझं? पोरगी काय पिणार? पंप लावणार आहेत तिथे, करवंटी नाही!”

“मग काय म्हणायला हवं होतं मी?”

“म्हणायचं की अर्धी घे. म्हणायचं की हाताने उपसून घे.”

“त्याने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं माझ्याकडे,” ती म्हणाली. “अर्धं देऊ?”

मी म्हणालो, निदान पंप मी बसवतो.

आणि बसवला. उपसायच्या नळीचं तोंड मी एका रिकाम्या तेलाच्या डब्याला बांधलं, असं की डबा पाण्यावर तरंगेल आणि नळी फक्त वरचं चार बोटं पाणी ओढेल. पाणी जास्त खाली गेलं की डबा वरून बांधलेल्या दोरीला लटकेल, नळी हवा खाईल, इंजिन गुरगुरेल. गुरगुरलं की बंद करायचं आणि विहीर भरेपर्यंत थांबायचं. बरानिकोला हे दहादा समजावलं. तो शहाणा आहे, त्याला पटलं. पंपाशी बसायला त्याने दोन तरुण ठेवले आणि मला म्हणाला, “मामा, तुम्ही चला जेवायला. सगळे विचारतायत.”

वहिनीने उद्घाटनाच्या सकाळीच मोएआपुरतं एक हंडाभर पाणी काढून झाकून ठेवलं होतं. ती घरीच थांबली. मी गेलो. डुक्कर होतं, बबईचा गोड लगदा होता, पाहुण्यांचा नाच फार सुंदर होता. मानेआबातून इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. सुरुवातीला थोडं चालायचं, गुरगुरायचं, बंद व्हायचं. दुपारनंतर आवाज एकसारखा झाला. अडखळणं नाही, बंद पडणं नाही. मी चोवीस वर्षं इंजिनाशेजारी झोपलेला माणूस. एकसारखा आवाज म्हणजे सगळं सुरळीत, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी खूष होऊन आणखी एक वाटी घेतली. नंतर कळलं, दर थोड्या वेळाने उठून पंप बंद करायचा त्या दोघांना कंटाळा आला होता. पिंपं लवकर भरावीत म्हणून त्यांनी डबा सोडून टाकला होता आणि नळी तळाला टेकवली होती. इंजिन अडखळत नव्हतं, कारण ते आता समुद्र ओढत होतं. हे मला ऐकू यायला हवं होतं. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते कळणं शक्यच नव्हतं.

हंडा दुसऱ्या सकाळी संपला. त्या दिवसाची पहिली चव वहिनीने घेतली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तिने घोट तोंडात घेतला, आणि थुंकला. पुन्हा करवंटी सोडली, जास्त अलगद, पुन्हा थुंकला. मी घेऊन पाहिलं. लाट तोंडात गेल्यावर लागतं तसं नव्हतं, पण घामासारखं, मचूळ, जिभेला चिकटणारं.

“काल संध्याकाळीच चव जरा बिघडली होती,” ती म्हणाली. “हंड्यात थोडं कमी वाटलं म्हणून एक बाटली मी यातलंच पाजलं. मला वाटलं, माझीच जीभ थकलीय.”

तिने करवंटी काठीसकट वाळूत टाकून दिली. मी त्यापूर्वी ते कधी पाहिलं नव्हतं.

मोएआला उलटी झाली नव्हती, पण जुलाब सुरू झाले होते. ओठ कोरडे. रडायची, बाटली दिसली की झडप घालायची, आणि प्यायली की आणखी रडायची. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती परत सपाट व्हायला किती वेळ लागतो ते बघितलं. मग जुलाबाच्या पुड्या दिल्या.

“एका पुडीला एक लिटर गोडं पाणी,” त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या. गोडं पाणी कुठे होतं? दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या दोन महिन्यांपूर्वीच संपल्या होत्या. नर्सबाईंनी स्वतःसाठी ठेवलेल्या दोन बाटल्या काढून दिल्या. “हे दीड दिवस पुरेल. त्यानंतर शहाळी. आणि त्या विहिरीला हात लावू देऊ नका कोणाला, कदाचित वरचं पाणी पुन्हा साचेल.”

पण आवारातून इंजिनाचा आवाज यायला लागला होता. दुसऱ्या दिवसाची पिंपं भरायची होती. पाहुण्यांना ते पाणी भाताला आणि अंघोळीला चालत होतं. त्यांना मचूळ पाण्याची सवय होती.

“मी जाऊन नळी कापतो,” मी म्हणालो.

“दिलेली विहीर आहे,” वहिनी म्हणाली. “परत घेता येत नाही.”

“मग बघत बस पोर सुकताना!” मी ओरडलो. ओरडल्याचं मला अजून वाईट वाटतं.

ती उठली. मोएआला तिने माझ्या हातात दिलं, लुगड्यासारखी गुंडाळलेली लावालावा नीट केली आणि मानेआबाकडे चालायला लागली. मी पोरीला घेऊन मागे. नाच ऐन रंगात होता. ती नाचणाऱ्यांच्या रांगेतून सरळ मधून गेली. असं कोणी जात नाही. गाणं आधी एका बाजूने थांबलं, मग दुसऱ्या. बरानिको पाहुण्या म्हाताऱ्यांशेजारी बसला होता. वहिनी त्याच्यासमोर गेली आणि बसायला लागली. तिचे गुडघे धड आहेत, माझ्यासारखे नाहीत, तरी तिला मांडी घालायला इतका वेळ लागला की दोन बायका हात द्यायला उठल्या.

“माझी बुबुस आहे,” ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. “बरानिको, माझी बुबुस आहे. तुझा पंप मला दे.”

कोणालाही कळलं असतं ती काय करतेय ते. विहीर परत मागता येत नव्हती. पंप मागता येत होता. म्हाताऱ्यांच्यात कुजबुज झाली, एक जण हसला. बरानिकोने माझ्या हातातल्या मोएआकडे पाहिलं, तिचे ओठ पाहिले, आणि त्याचा चेहराच बदलला. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तो लगेच ‘घे’ म्हणाला असता तर मला नवल वाटलं नसतं. पण तो वहिनीकडे वाकून हळू आवाजात, तरी आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

“म्हणजे तुला मागता येतं, मामी.”

वहिनीने लावालावाची कड गुडघ्याखाली खोचली.

“पंप मागायला आलीस. बरं केलंस. मी लहान असताना दर नाताळात बोट यायची तेव्हा धक्क्यावर जाऊन उभा राहायचो. आई म्हणायची, कोणाची वाट बघतोस? मी म्हणायचो, कोणाची नाही. मला मागायला तू कधी आली नाहीस.”

माझ्या डोळ्यांपुढे तो नाताळ आला. माझीच बहीण मागायला बसली होती, आणि मी बाजूला बसून मासा खात होतो.

“पंप घे,” बरानिको म्हणाला, आणि उठून स्वतः इंजिन बंद करायला गेला.

उरलेला समारंभ कसाबसा उरकला. पाहुण्यांनी काय बोलायचं ते बोटीत बसल्यावर बोलले असतील. पंप आमच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिला आणि विहिरीवर फक्त करवंटी चालू राहिली. पण वाळू माणसाच्या घाईला जुमानत नाही. तिसऱ्या दिवशी मचूळ. पाचव्या दिवशी मचूळ. जरा कमी असेल, पण वहिनीने थुंकलं ते थुंकलंच. बरानिको दिवसभर नारळाच्या झाडांवर चढत होता. दुष्काळात शहाळी ती कसली! मुठीएवढी, एकेकात दोन-तीन घोट. पोटऱ्या सोलवटून निघाल्या त्याच्या, तरी मोएआचं भागेना. पोर रडायची कमी झाली होती. नर्सबाई म्हणाल्या, ती शांत झाली म्हणून निश्चिंत होऊ नका, उलट काळजी करा.

गुरुवारी तारावाचं छोटं विमान होतं. जाणाऱ्या पाहुण्यांनी सगळ्या जागा आधीच धरलेल्या, बरानिकोची एक जागा होती, आणि मांडीवर बाळ नेता येत होतं. ती जागा त्याने वहिनीला देऊ केली, पण तारावाचा दवाखाना तिने कधी पाहिला नव्हता, तिथली धावपळ त्यालाच जमणार होती. वहिनीसाठी जागा मागायला मी दोन पाहुण्यांसमोर बसलो, पण ते नात्यातले नव्हते. पुढचं विमान आठवड्याने. नर्सबाई म्हणाल्या, आठवडा थांबू नका. तिकडे मोठा दवाखाना आहे, पाणी आहे. मुलीला याच विमानाने पाठवा.

धावपट्टीच्या कडेला, पांडानसच्या झाडाखाली आम्ही उभे होतो. मोएआ वहिनीच्या खांद्यावर. विमान येऊन थांबलं, सामान चढायला लागलं. बरानिको आला आणि वहिनीसमोर खाली वाळूत मांडी घालून बसला. त्याने तोंड उघडलं.

“बोलू नकोस,” वहिनी एकदम म्हणाली. “तो शब्द काढू नकोस. काढलास तर मला द्यावी लागेल.”

त्याने तोंड मिटलं.

वहिनी त्याच्यासमोर बसली. या वेळी पटकन बसली. मोएआला तिने त्याच्या मांडीवर ठेवलं, पण हात काढला नाही.

“ही मी देत नाहीये,” ती म्हणाली. “कान उघडे ठेवून ऐक. ही माझ्या मुलीची आहे आणि माझी आहे. तुझ्याकडे सोपवतेय. हिला परत मागायला मी येणार. तुझ्या दारात येऊन, सगळ्या शेजाऱ्यांसमोर, तारावाभर ओरडून मागणार.”

“आणि मी नाही दिली तर?” बरानिकोने विचारलं. चिडवायला विचारलं होतं, पण त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला होता.

“नाही दिलीस तर तिथेच बसून राहीन. देईपर्यंत उठणार नाही. तुझ्या बायकोला म्हणावं एक चटई जास्तीची काढून ठेव.”

“मग मी लवकर द्यायचो नाही, मामी,” तो म्हणाला.

वैमानिकाने हाक मारली. वहिनीने हात काढला. बरानिको पोरीला छातीशी धरून विमानाकडे पळत गेला, त्याच्या सोललेल्या पोटऱ्या मला लांबूनही दिसत होत्या.

तीन दिवस वहिनी जेवली की नाही मला माहीत नाही. मी मात्र जेवलो नाही, आणि माझ्या बाबतीत ते गाववाल्यांच्या लक्षात येतं. चौथ्या दिवशी बेटाच्या कचेरीतल्या फोनवर बरानिकोचा निरोप आला. मोएआला दवाखान्यात सुईने पाणी चढवलं होतं. आज सकाळी ती पूर्ण बाटलीभर दूध प्यायली आणि त्याच्या बायकोच्या अंगावर ओकली, आणि डॉक्टर म्हणाले, उत्तम. निरोप घेऊन मी धापा टाकत आवारात आलो. वहिनी जमिनीवर बसून कपड्यांची वळकटी बांधत होती, साबणाच्या दोन वड्या मधोमध ठेवून. मी सांगितलं ते तिने सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

“पाऊस पडेपर्यंत थांबणार होतीस ना?” मी म्हणालो. “आणि विहीर कोण सांभाळणार?”

तिने गाठ मारली, मग माझ्यासमोर सरकून नीट मांडी घातली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “माझी बुबुस आहे.”